भातलावणीला परतलेल्या फौजा

ताई दातांची डॉक्टर, आणि तिचा धाकटा भाऊ एका विमा कंपनीत प्रोग्रॅमर. रविवारी घराखालचा दवाखाना बंद असला की दोघं पेशंटच्या बाकावर लॅपटॉप मांडून बसायची. एका जुन्या युद्धाच्या गेमचं मॉड बनवायचं चाललं होतं, म्हणजे गेम तोच, पण आतला नकाशा, घराणी आणि नियम यांचे. काळ जपानमधल्या यादवीचा, जो तो सरदार शेजाऱ्याच्या किल्ल्यावर टपलेला.

गाडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी. सगळ्यात बलाढ्य घराणं बघता बघता बाकीच्यांना गिळून टाकायचं. धाकट्याने नाना उपाय केले, सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"हे शिपाई एरवी काय करतात रे?" ताईने विचारलं.

"एरवी काय? शिपाईच ते."

"बरेचसे शेतकरी असायचे. लावणीला घरी नको जायला? का तुझा सरदार उतरणार चिखलात?"

"ताई, गेम बनवतोय आपण. शेतकी खातं नाही उघडलं."

पण कुरकुरत का होईना, त्याने नियम लिहिले. लावणी आली की शिपाई आपापल्या गावी जाणार. ज्या गावात हात कमी आणि घरं रिकामी, ते गाव वाटेवरच्या बेघरांना ठेवून घेणार.

मग सगळी घराणी संगणकाच्या हवाली करून दोघं नुसती बघत बसली. आई जेवायला बोलवायला आली आणि दारातच थांबली. तिच्या लेखी हा सगळा पोरखेळ होता.

पडद्यावर वेढे पडले, पूल जळले. मग उत्तरेकडची एक फौज थबकली. तिच्यासमोरची शत्रूचीही थबकली. एकामागून एक साऱ्या बेटांवरच्या फौजा सुटल्या, ठिपक्याठिपक्यांनी डोंगर उतरू लागल्या. करडी शेतं हिरवी होत गेली. धाकटा पडद्याजवळ सरकला. नियम त्यानेच लिहिला होता, पण हे असं दिसेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"कुठे निघाले सगळे?" आईने विचारलं.

"घरी. लावणीला."

आई ताईच्या शेजारी टेकली. जरा वेळाने तिने बोट दाखवलं. "आणि हे का उभे आहेत?"

एक तुकडी जळक्या गावाच्या जागी उभी होती. परतायला घरच उरलं नव्हतं. मग ती हलली आणि नदीपलीकडच्या गावात शिरली. तिथलं पडीक शेत हिरवं झालं.

"पण ते गाव तर शत्रूचं," ताई हळूच म्हणाली.

धाकट्याने कोड उघडला. माणसं ठेवून घेताना ती कोणत्या घराण्याची, हे तपासायचं तो विसरला होता. "माझी चूक. आत्ता दुरुस्त करतो."

"हात लावू नकोस," आई म्हणाली.

त्याने ताईकडे पाहिलं. ताईची नजर पडद्यावरून हलत नव्हती.

पिकं निघाली, सरदारांनी पुन्हा हाकारे घातले. गावागावांतून शिपाई निघाले. नदीकाठची ती तुकडी मात्र जागची हलली नाही. जुन्या सरदाराच्या लेखी ती गावाबरोबरच संपली होती, आणि नव्याला तिचा पत्ताच नव्हता. कोणाचीच हाक तिच्यापर्यंत पोचेना.

जेवण निवून गेलं. तिघंही तिथेच बसून होती.

मॉड बाहेर पडलं ते त्या चुकीसकट.