पूर्वेकडची साडी

१९९४ साल, माघ महिना. वडखळ नाक्यावर आम्ही अलिबागच्या एस.टी.ची वाट बघत बसलो होतो. गिरजाने मांडीवरची पिशवी एकदाही खाली ठेवली नाही.

"एका दिवसाला एवढे कपडे?" मी विचारलं.

"तिकडून सरळ रोह्याला जायन." रोहा तिचं माहेर. "आक्का, तू निस्ती साक्षीला चल. उद्या मला कुणी खोटी म्हनाया नको."

गिरजा माझी धरमतरची शेजारीण. तिचा नवरा कमळाकर थळसमोरच्या बेटावर दिवादांडीत नोकरीला होता. अधूनमधून घरी यायचा आणि जाताना म्हणायचा, "एखादी जुनी साडी दे गो." पुसायला लागत असेल, म्हणून ती द्यायची. मग एक दिवस बेटावर होडी नेणारा कान्हू दुकानात सगळ्यांदेखत हसत बोलला, "कमळ्याची मजा हाय. रोज सकाळी बायला साडी नेसवतो, सांजच्याला सोडतो."

गिरजाने घरी येऊन पेटी उपसली. डोहाळजेवणाची हिरवी साडी तीत नव्हती. ते मूल जगलं नव्हतं. ती साडी तिने कुणाला दिली नसती.

"जुनी दिली, ती मी दिली. ही चोरून नेली," एस.टी.त ती म्हणाली. "त्या भवानीच्या अंगावर माझी हिरवी बघाया चाललेय."

थळला, बेटावरच्या वेताळाला नारळ वाहायला निघालेल्यांच्या होडीत जागा मिळाली. होडीतल्या प्रत्येक बाईकडे गिरजा निरखून बघत होती. एक कोळीण हिरव्या लुगड्यात होती. गिरजाने वाकून तिचा काठ तपासला.

"काय बघतंस गो?" कोळीण म्हणाली.

"काय नाय. काठ बरा हाय."

कमळाकर धक्क्यावर आला. "घरी समदी बरी हायेत ना?"

"बत्ती बघाया आले."

त्याची नजर पिशवीवर गेली. "बघ की."

"बाय कुठं हाय?"

"वर," तो सहज म्हणाला. गिरजाचा चेहरा पडला.

गोल लोखंडी जिना चढून आम्ही वर गेलो. मधोमध माणसाहून उंच काचेचं भिंग, आणि त्याच्या चारी बाजूंना साड्या. सगळ्या गिरजाच्या.

"बत्तीला आमी बाय म्हनतो," कमळाकर म्हणाला. "दिवसा ऊन भिंगातून आत गेलं तर आग लागंल. पडदे विरले, म्हनून तुझ्या साड्या."

पूर्वेच्या अंगाला हिरवी होती.

"ही कशाला आनलीत?"

तो काचेबाहेर बघत राहिला. "तू ती काढून बसायचीस. मग दोन दोन दिस जेवायची नायस. गेल्या खेपेला उचलली." मग म्हणाला, "हितनं आपला गाव पडतो. सकाळी पयला पडदा हाच लावतो."

गिरजाने हिरवीचा काठ चाचपून बघितला.

"पिशवीत काय हाय?" त्याने विचारलं.

"कपडे."

"रोह्याला?"

तिने मान खाली घातली. कमळाकरने हिरवी साडी सोडली, नीट घडी केली आणि तिच्या पिशवीवर ठेवली. उघड्या जागेतून ऊन भिंगावर पडलं, तसा त्याने अंगातला सदरा काढून तिथे अडकवला. आम्ही खाली उतरलो तेव्हा तो बनियनवरच उभा होता.

गिरजा रोह्याला गेली नाही. कमळाकर पुढेही घरी येत राहिला, पण साडी त्याने पुन्हा कधी मागितली नाही.

कान्हूने होडी विकली, तो धरमतरच्या जेट्टीवर कामाला लागला आणि तिथेच म्हातारा झाला. कमळाकर निवृत्त झाला आणि काही वर्षांनी गेला. गिरजा आता पेणला भाच्याकडे असते. माझे गुडघे गेले, तरी वर्षातून एकदा मी तिच्याकडे जाते.

मागच्या खेपेला तिच्या पूर्वेच्या खिडकीला ती हिरवी साडी दिसली. हिरवी म्हणायची एवढंच, रंग पार उडालेला.

"ऊन लय येतं काय गो?" मी विचारलं.

"ऊन कुठलं, आक्का? समोर इमारत झालेय," ती म्हणाली, आणि उठून पडदा सारखा केला.