गाळलेला यम

सावेडीतल्या माझ्या योगवर्गाला लोक पोट कमी करायला येतात. यम-नियम काढले की घड्याळाकडे बघतात आणि माझं डोकं फिरतं. म्हणून मी दंडकच घातलाय: आधी माझ्यामागून पाचही यम मोठ्यानं म्हणायचे, मगच आसनं. एकटे मोहियोद्दीनचाचा ते मनापासून म्हणायचे.

सोमवारी त्यांच्या मुलीनं, अफ्रीननं, मला जिन्यात गाठलं. चाचांना कॅन्सर निघाला होता, तोही शेवटच्या टप्प्यातला.

"अब्बांना आम्ही अल्सर सांगितलाय. मॅडम, तुम्हीपण काही बोलू नका."

मी हो म्हटलं आणि स्वतःवरच चिडले.

दुसऱ्या दिवशी वर्गापुढे उभी राहिले. "अहिंसा," म्हटलं. समोर चाचा बसलेले. पुढचा शब्द तोंडातून निघेचना.

"अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह."

सगळ्यांनी माझ्यामागून तसंच म्हटलं. चाचा तेवढे गप्प राहिले.

वर्ग सुटल्यावर ते चटई गुंडाळत मागे थांबले.

"मॅडम, आज सत्य गाळलंत."

मी खिडक्या लावायला वळले. त्यांनी चटई काखेत घेतली.

"मला कळलंय, हे अफ्रीनला सांगू नका. अहिंसा पहिली ना?"