वर म्हणजे कुठे

शरणप्पांचे शिवमूर्ती, शिवमूर्तींचे चंद्रप्पा, चंद्रप्पांचे संगप्पा, आणि संगप्पांच्या मागे एकटी गौरम्मा. घराणे तिच्यापाशी येऊन थांबले होते. उदगीर तालुक्यातल्या गावी ती शाळेत शिकवी. शाळा सुटली की स्वतःच कुलूप काढून घरात शिरे.

लातूर जिल्हा झाल्यानंतरचा तो पहिलाच उन्हाळा, तोही कोरडा. शाळेतला नकाशा मात्र अजून उस्मानाबादचाच. म्हणून तिने पटांगणात राखेने नवा जिल्हा आखला आणि खेळ मांडला. ‘वर’ म्हटले की लंगडी घालत उत्तरेच्या तालुक्यात जायचे, ‘खाली’ म्हटले की दक्षिणेच्या.

“वर!” गौरम्मा कडाडली. सारी पोरे अहमदपुरात गेली. सिंधु एकटी निलंग्यात!

“सिंधे, उलटी टांगून घेतलीस काय गं?” पोरे खिदळली.

“न्हाई बाई, आमची वरची वाडी तिकडंच हाय की. डोंगरावर.”

गौरम्मालाही हसू आले. इतक्यात फाटकाशी पाण्याचा टँकर थांबला. कंधारचा ड्रायव्हर लिंबाजी घाम पुसत उतरला.

“बाई, वरची वाडी कुठं हाय? नकाशात वर बघून उत्तरेला लई फिरलो. कुत्रं दिसलं न्हाई. आता माघारी नेतो टँकर.”

गौरम्मा चटकन पुढे झाली. वाडीत साखराबाई होती. बहात्तर साली संगप्पा अंथरुणाला खिळले आणि गावच्या आडात नुसता चिखल उरला, तेव्हा स्वतःची पोरे अर्ध्या तांब्यावर ठेवून या बाईने, संगप्पांचा श्वास थांबेपर्यंत, रोज एक घागर डोंगरावरून उतरवली होती. त्या पाण्याला जागायचे म्हणून गौरम्मा दर रविवारी वाडी चढे. दोघी तिन्हीसांजेपर्यंत बोलत बसत. शाळेबाहेर तिचे आठवड्यातले बोलणे तेवढेच.

“माघारी? कागदावरचे वर निराळे, वाडीचे वर निराळे! दक्षिणेला डोंगर दिसतो ना? चला, मी दाखवते,” म्हणत ती टँकरमध्ये चढून बसलीसुद्धा.

दुपारी वाडीच्या कोरड्या विहिरीत पाणी धो धो कोसळले. गौरम्माने पहिली घागर शेंदली आणि साखराबाईच्या उंबऱ्याशी नेऊन ठेवली.

साखराबाईने ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले. “फिटलं गं सारं, गौरम्मा. आता या वयात दर आईतवारी डोंगर चढू नगंस.”

मग रविवारी बोलायचे कुणाशी, असे गौरम्माच्या मनात आले. तरी तिने होकाराची मान हलवली. देणे पुरते फिटले होते.