टोकापासून एक मीटर

कारखाना दादाचा, आकडेमोड धाकट्या बहिणीची. क्रेनची नवी तुळई तिनेच बेतली होती: तीन मीटर लांब, भिंतीपाशी साठ सेंटीमीटर उंच, निमुळती होत टोकाला पंधरा. तुळई मोडली तर मुळाशी, भिंतीपाशीच मोडते, ही दादाची शिकवण. म्हणून तिने नेहमीसारखं फक्त मूळ तपासलं आणि सही ठोकून मोकळी झाली.

आज गिऱ्हाइकासमोर चाचणी होती. दादाने क्रेनचं लोंबतं बटण दाबलं, तुळईच्या टोकाला वजन म्हणून टांगलेली जड मोटर वर चढू लागली. ती डोलू नये म्हणून खाली दोर धरून तिचा नवरा उभा, कारखान्यातला वेल्डर. उगाच चाळा म्हणून तिने वहीत टोकापासून एका मीटरवरचा छेद मांडला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिथे उंची मुळाच्या निम्मी, म्हणजे ताकद, उंचीच्या वर्गाने घटत, पाव. वाकवणारा जोर मात्र टोकापासूनच्या अंतराप्रमाणे, म्हणजे पाव नव्हे, एक तृतीयांश! मुळाशीच जेमतेम निभत होतं. इथे निभणं शक्यच नव्हतं.

"दादा, थांबव! माझं गणित चुकलंय!"

गिऱ्हाइकासमोर असली शोभा? दादाने तिच्या कानाखाली सणसणीत दिली. ती बटणाकडे झेपावली, तेव्हा त्याने केस धरून तिचं डोकं खांबावर आपटलं.

"अक्कल पाजळू नकोस इथे!"

डोळ्यात रक्त उतरलं होतं तिच्या, कपाळाचंही आणि रागाचंही. तिने हातोडा उचलला आणि दादाच्या बटणावरच्या बोटांवर घातला. हाडं मोडल्याचं साऱ्यांना ऐकू आलं. मोटर हवेत थांबली. नवरा मात्र ढिम्म, मालकाने सांगितल्याशिवाय हलायचं कसं! तिने त्या शहाण्याला लाथ घालून बाहेर लोटलं.

दादा पांढराफटक पडला होता, पण हट्टाला पेटला होता. डाव्या हातात बटण घेऊन तो स्वतः मोटरखाली जाऊन उभा राहिला.

"बघा साहेब! माझ्या मालाखाली मी उभा आहे."

"दादा, नको रे!"

त्याने बटण दाबलं. हिसका बसला आणि तुळई बरोबर एका मीटरवर दुमडली.

नवऱ्याने मोटरखाली पहार सरकवली. "मी उचलतो, तू ओढ!"

ओढायला दादाचा एकच हात बाहेर उरला होता, तिने मोडलेला. तोच धरून ती ओढू लागली. दादा गुरासारखा ओरडला. थोड्या वेळाने तो ओरडायचा थांबला, तरी ती ओढतच राहिली.