भामिनीबाईची भुवई

टीव्ही माझ्या घरात, म्हणून संध्याकाळची मालिका आळीतल्या सगळ्या बायका माझ्याच पडवीत बसून बघतात. वीज माझी, चहा माझा, आणि मालिकेत काही मनासारखं झालं नाही तर बोलणीही मलाच. करणार काय!

त्या मालिकेत भामिनीबाई नावाची सासू आहे. कपाळभर कुंकू, दणदणीत आवाज आणि डावी भुवई कायम वर चढलेली. असली बाई पडद्यावर आली की पुढे काय होणार ते शेंबड्या पोरालाही कळतं. पण ही बया काही केल्या वाईट वागेना! सून आली त्या दिवशीच तिने किल्ल्या देऊन टाकल्या. लेकाला भांडी घासायला लावलं. या वयात स्वतः पोहायला शिकायला निघाली. "दम धरा गो," आमची शेजारीण भिमा रोज म्हणायची, "दाखवील रंग."

तेव्हा गप्प बसायची ती एकटी हौसा, माझी धाकटी जाऊ. कारण तिची भुवईही तशीच आहे. लहानपणी बैलाने शिंग मारलं, टाके वेडेवाकडे बसले आणि भुवई वर ओढली गेली ती कायमचीच. आवाज म्हणाल तर ती शेतातून हाक मारते तेव्हा पलीकडच्या पाड्यातली माणसं ओ देतात. मनाने मात्र लोणी आहे हो.

हौसाचा हरेश मुरबाडला कंपनीत जातो. तिथेच धसईची दर्शना आहे. दोघांचं जमलं, आम्हालाही पोरगी आवडली, आणि हौसाला तर लेक नसल्यामुळे सून कधी येते असं झालेलं. पण दर्शनाच्या घरात शब्द चालतो आजीचा, धोंडूबाईचा. तिने घर बघायला रविवारी यायचं ठरवलं.

आणि मेल्या मालिकेने शनिवारीच घात केला. भामिनीबाईने कमरेची पुडी काढली, इकडेतिकडे बघितलं आणि सुनेच्या दुधात चिमूटभर काहीतरी टाकलं. धाडकन संगीत वाजलं. आता बसा सोमवारपर्यंत!

रविवारी पाहुणे आले. आमच्याकडे रीत अशी की, घर बघायला आलेल्यांनी घरातलं काही तोंडाला लावलं की सोयरीक पक्की. हौसाने घरच्या म्हशीचं दूध वेलची घालून आटवलं आणि स्वतः ग्लास पुढे केला. धोंडूबाईने आधी भुवईकडे बघितलं, मग दुधाकडे. ग्लास तसाच खाली ठेवला.

"आज पोट बरा नाय माझा," ती म्हणाली आणि उठली.

म्हातारी कानाने बहिरी. दारात तिने आपल्या सुनेच्या, म्हणजे दर्शनाच्या आईच्या, कानात सांगितलं ते सबंध आळीने ऐकलं. "हीच ती गो, टीवीतली! दुधात टाकते ती!"

"आजी, गप ना!" दर्शना लाजेने लाल झाली. पण पाहुणे गेले ते गेलेच.

हौसा चुलीपुढे बसून रडली. "बाय, माझ्या हरेशचं लगीन आता त्या भामिनीच्या हाती."

माझं डोकंच फिरलं. तोंडावरून माणूस जोखायचा तर आमच्या गावात एकही लग्न लागलं नसतं. पण बोलणार कोणाला?

सोमवारी पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. हौसा सगळ्यांत पुढे, हात जोडून. सुनेने ग्लास उचलला. जाहिरात. ओठाला लावला. पुन्हा जाहिरात! शेवटी प्याली एकदाची. काही झालं नाही.

"सुंठ घातलीय," भामिनीबाई म्हणाली. "खोकून खोकून घर डोक्यावर घेतलंस."

"म्हंजे ही वाईट नायच?" भिमा उसळली. "मंग आमी इतके दिस बघितला काय?"

हौसा मात्र पदरात तोंड घालून हसत होती.

दुसऱ्या दिवशी धसईहून धोंडूबाई दर्शनाला घेऊन हजर. आली ती सरळ चटईवर बसली. "दूध हाय का गो?"

हौसाने दूध आणलं. भुवईवर पदर ओढून घेतला होता. म्हातारीने सगळा ग्लास रिकामा केला, तोंड पुसलं आणि हात लांब करून हौसाचा पदर बाजूला सारला.

"कशानी झाला गो ह्या?"

"बैलानी. पोर होते तवा."

"लय दुखला आसल."

त्या भुवईवरून चिडवणारे हौसाला जन्मभर भेटले. दुखलं असेल, असं म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं. तिचा बांधच फुटला. दर्शना उठून तिच्याजवळ जाऊन बसली. तिचा हात धरून हौसाने रडत रडतच दाराकडे तोंड केलं आणि आपल्या त्या आवाजात हाळी दिली, "भिमाऽऽ! साखर घेऊन ये गोऽऽ!"

गोठ्यातली म्हैस दचकून उठली. मीही दचकले. आता म्हातारी पुन्हा बिथरते की काय!

पण धोंडूबाईचा चेहरा उजळला होता. कानामागे हात धरून ती नातीला म्हणाली, "दर्शू, ह्या घरात मी येत जाईन. हिचा बोलना मना ऐकू येतो."