सुऱ्यांची पेटी

पेटीची किल्ली मी कायम कमरेला बाळगली. भाजीला गेले तरी कमरेला, दवाखान्यात गेले तरी कमरेला. संत तुकाराम नगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना वाटायचं, इंदुताईनं सोनं दडवलंय. मी म्हणायचे, सोनं काय मेलं, बाजारात मिळतं.

पेटीत आमच्या ह्यांनी घडवलेल्या सुऱ्या आहेत. ज्योतीराम नाव ह्यांचं. भूमहून पिंपरीला आले ते काम शोधत, आणि एका कंपनीच्या टूलरूममध्ये, म्हणजे जिथं कारखान्याचे साचे न् हत्यारं बनतात तिथं, लागले ते रिटायर होईस्तोवर. तिथलं भंगार ह्यांच्या डोळ्याला भंगार दिसायचंच नाही. लोखंड कापायचं झिजलेलं हॅकसॉ ब्लेड, मोडकी कानस, गाडीखालची जुनी पाटा स्प्रिंग, रीतसर विचारून घरी आणायचे आणि रविवारी गॅलरीत बसून घासायचे. महिना महिना एक सुरी चालायची. कुणाची मूठ शिसवीची, कुणाची शिंगाची, प्रत्येकीच्या पात्यावर बारीक ठशानं ‘ज्यो’ मारलेलं. एकही विकली नाही. मी म्हणायचे, एखादी तरी स्वयंपाकाला द्या! तेव्हा माझ्यासाठी वेगळी केली. ती अजून माझ्या ओट्यावर आहे, आणि टोमॅटो तिच्याखाली आला की त्याच्या आपणहून चकत्या होतात, खोटं सांगत नाही.

पुढं कंपनी चाकणकडं गेली, टूलरूम बंद झाली, मशीन विकली गेली, माणसं पांगली. हे गेले. आता त्या टूलरूममधलं लोखंड कुठं उरलंय म्हणाल, तर माझ्या पेटीत. लक्ष्मणरावांची कानस, जनरल फोरमन होते ते, त्यांच्या हातात वीस वर्षं चाललेली, ती आता एक सुरी आहे. म्हणून दर दसऱ्याला ह्यांचे मित्र आपट्याची पानं घेऊन येतात, पहिलं सोनं पेटीवर ठेवतात आणि मग एकेक सुरी हातात घेऊन बघतात. चष्मे वर-खाली करून बघतात हो, लग्नाची मुलगी बघायला आल्यासारखं. आणि इतक्या वर्षांत त्यांना गंजाचा एक ठिपका सापडला नव्हता.

सांभाळणं सोपं नाही ते. हे जाताना मला सगळं शिकवून गेले. चामड्याच्या म्यानात ठेवायचं नाही, चामडं ओल धरतं. मखमल तर नाहीच. बोट पात्याला लावायचं नाही, घामसुद्धा लोखंड खातो. महिन्यातून एकदा प्रत्येक पातं मऊ धोतराच्या फडक्यानं पुसायचं, मशीनच्या तेलाचा पातळ हात द्यायचा, कंपनीत पार्ट गुंडाळतात त्या पिवळ्या गंजरोधक कागदात गुंडाळायचं. पेटी बाथरूमच्या भिंतीला टेकवायची नाही. बुटाच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या पेटीत टाकायच्या आणि अधूनमधून तव्यावर मंद शेकून घ्यायच्या. आमच्या सुनेला, वर्षालीला, लग्न होऊन आल्यावर पहिल्या आठवड्यात मी तव्यावर पुड्या शेकताना दिसले. बिचारी घाबरली, म्हणाली, आई, हे खायचं आहे का?

गेल्या दसऱ्याला लक्ष्मणराव सगळ्यांसमोर म्हणाले, “वहिनी, पाती मागच्यापेक्षा सरस दिसतात. ज्योतीराम असता तर तुम्हाला हाताखाली घेतलं असतं.” आता लक्ष्मणराव म्हणजे माणूस असा, की ‘ठीक आहे’ म्हणायलासुद्धा त्यांच्या जिवावर यायचं. मी ते वाक्य अख्ख्या बिल्डिंगला ऐकवलं. भजनी मंडळात ऐकवलं. रिक्षावाल्यालासुद्धा ऐकवलं.

यंदा नवरात्राच्या तोंडावर माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. वाकायचं नाही, धुरात जायचं नाही, डोक्यावरून अंघोळ नाही, दिवसभर थेंब घालायचे. वर्षाली महाळुंग्याच्या कंपनीत क्वालिटीला आहे आणि सुजित, माझा मुलगा, पण शिफ्टवर. म्हणून वर्षालीची आई, आमच्या विहीणबाई चित्राताई, निगडीहून राहायला आल्या. बाई सोन्यासारखी. शाळेत शिकवायच्या, आवाज मऊ, घरात एक भांडं आपटत नाहीत. मी दिवसाला चार आपटते.

खंडेनवमीला वर्षालीच्या आणि सुजितच्या दोघांच्याही कंपनीत मशीनची पूजा. दोघं सकाळीच गेले. मी चित्राताईंना किल्ली दिली आणि म्हटलं, पेटी काढून तिच्यावर एक फूल वाहा, बस. एवढं बोलून मी थेंब घालून पडले आणि माझा डोळा लागला.

आता मी ‘पेटीवर’ म्हटलं होतं. पण चित्राताईंनी झाकण उघडलं. आत बघतात तर सगळं तेलकट, पिवळ्या कागदात गुंडाळलेलं. त्यांना वाईट वाटलं. डोळ्यामुळं इंदुताईंकडून घासणं झालेलं नाही, सणाचं हत्यार असं कळकट कसं पुजायचं? आणि त्या माउलीनं आपण देवाची तांब्या-पितळेची भांडी घासतो ना, तशा सगळ्या सुऱ्या चिंच न् मीठ लावून घासल्या. नळाखाली धुतल्या. टॉवेलनं पुसल्या, पात्यापात्याला हळदीकुंकू लावलं, वर ओली झेंडूची फुलं ठेवली आणि झाकण लावलं. संध्याकाळी मला म्हणाल्या, “पूजा छान झाली हो.” मी म्हटलं, देव तुमचं भलं करो.

दसऱ्याच्या सकाळी मी पेटी उघडली. नव्या डोळ्यानं सगळं कसं स्वच्छ दिसत होतं, भिंतीचा रंगसुद्धा आपला पिवळा आहे हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. आणि त्या डोळ्याला पेटीत काय दिसलं? गंज. तांबडा, ताजा, विटेच्या भुकटीसारखा. फुलं होती तिथं काळे डाग. लक्ष्मणरावांच्या कानशीची सुरी तर जणू विहिरीतून काढलेली.

“काल कशा लखलखत होत्या!” चित्राताई मागून म्हणाल्या, आणि मग त्यांनाही दिसलं. “अगं बाई. हे काय झालं?”

त्यांनी चिंचेनं घासल्याचं सांगितल्याबरोबर काय झालं ते मला कळलं. डोक्यात अशी तिडीक गेली! दुसरं कुणी असतं तर मी बिल्डिंग डोक्यावर घेतली असती. पण विहीणबाई. माझ्या आजारपणाला आलेल्या, माझं पथ्य सांभाळणाऱ्या. ओठ आवळून मी स्वयंपाकघरात गेले आणि सुजितवर ओरडले, की दूध उतू गेलं. दूध फ्रिजमध्ये होतं.

दुपारी मित्र येणार होते. ह्यांच्या हातचं परत घडवायला हे नाहीत. जे गेलं ते गेलं. मला रडूच कोसळलं, आणि डोळ्याला पाणी लागू द्यायचं नव्हतं, म्हणून तेही धड रडता येईना.

वर्षाली आली. तिनं पेटीत बघितलं. केस वर बांधले, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं. खाण्याचा सोडा आणला. “आधी आंबटपणा मारायला हवा, नाहीतर पुसलं तरी पुन्हा येईल,” म्हणाली. मग आपल्या कपाटातून एक बिस्किटाचा डबा काढला. डब्यात तेलाची बारीक चोचीची बाटली, धोतराची फडकी घड्या घालून, दात घासायचा जुना मऊ ब्रश, झिरो नंबरचा पॉलिश पेपर. पेपर बुचाला गुंडाळून ती घासायला लागली, एकाच दिशेनं, मुठीकडून टोकाकडं. “कानशीची पहिली घेते, ती लवकर गंज धरते. शिंगाच्या मुठीची नंतर, तिला पितळी खिळ्यापाशीच लागतं.”

मी बघतच राहिले. “तुला कसं माहीत कुठल्या सुरीला कुठं लागतं ते? आणि हा डबा कुठला?”

वर्षाली घासतच राहिली. पण चित्राताईंना सकाळपासून अपराधी वाटत होतं, त्यांच्या तोंडून निघून गेलं, “अहो, दर महिन्याला तुम्ही पुसून ठेवल्यात, की तुम्ही भजनाला गेल्यावर तीच तर परत...”

“मम्मी!” वर्षाली म्हणाली.

मी उठून गॅलरीत गेले. जिथं हे बसायचे तिथं बसले. किल्ली तर माझ्याकडं. मग आठवलं, भजनाला जाताना नवी साडी नेसते तेव्हा किल्ली मी देवघरात ठेवते. दोन वर्षं डोळ्यांवर जाळं होतं. दोन वर्षं मी मोठ्या रुबाबात पुसत होते, आणि माझ्या मागून ही पोर पुसत होती. लक्ष्मणरावांचं ते वाक्य आठवलं आणि कानशिलं तापली. रिक्षावाला आठवला.

वर्षाली हाताचं तेल पुसत आली.

“मला आंधळी समजलीस व्हय?” मी म्हटलं. राग आला की माझी भूमची भाषा बाहेर पडते.

“नाही आई. तुमचं तेल चांगलंच लागायचं. फक्त मुठीच्या कडेला राहून जायचं थोडं. तेवढंच करायचे मी.”

“मग सांगितलं का न्हाईस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही रागानं किल्ली माझ्यापुढं टाकली असती. पुन्हा पेटीला हात लावला नसता.” तिनं बोटांचं तेल पुन्हा पुसलं. “पुसताना तुम्ही बाबांशी बोलता आई. ते बंद झालं असतं.”

मला वाटायचं, मनातल्या मनात बोलते. मी पदरानं डोळ्याच्या कडेला टिपलं, डॉक्टर गेला खड्ड्यात.

“सरक,” मी म्हटलं. “शिसवीच्या मुठीची माझ्याकडं दे. आणि मला उजेडात बसव.”

मग आम्ही तिघी बसलो. चित्राताई सोडा लावून कोरडं करायच्या, वर्षाली घासायची, मी तेल द्यायचे. चित्राताई पात्याला इतकं घाबरून धरायच्या की मी म्हटलं, “विहीणबाई, चावत नाही ती, कापते फक्त.” तेव्हा कुठं त्या सकाळपासून पहिल्यांदा हसल्या. सुजितला पुरणपोळ्यांऐवजी श्रीखंड आणायला पिटाळलं. एकेक पातं उजळत गेलं, आणि नव्या डोळ्याला मला ते बारीक ‘ज्यो’ दिसलं. कितीतरी वर्षांनी दिसलं. ठसा किंचित डावीकडं कललेला, ह्यांची सही असायची तस्साच. मी वर्षालीला दाखवलं. म्हणाली, “सगळ्यांवर तसाच आहे आई, हॅकसॉच्या लांब सुरीवर तेवढा सरळ आहे.” तिला तेही माहीत!

दुपारी मंडळी आली. पानं पेटीवर ठेवली, सुऱ्या हातोहात फिरल्या. लक्ष्मणरावांनी आपल्या कानशीची घेतली, खिडकीशी नेली, चष्मा वर केला. टोकाजवळ एक काळा डाग राहिलाच होता, झेंडूच्या पाकळीएवढा.

“वहिनी, हे काय?”

चित्राताई उभ्या राहिल्या. “माझं काम ते. मी चिंचेनं घासल्या.” शाळेत मुलं कबूल करतात तसं सरळ सांगून टाकलं त्यांनी. मला त्या बाईचा अभिमान वाटला.

लक्ष्मणरावांनी डोक्याला हात लावला आणि मग हसायलाच लागले. “चिंचेनं! आणि रात्रभर तशाच? मग ही बाकीची अशी कशी राहिली?” त्यांनी लांब सुरी उचलली, नंतर शिंगाची, खिळ्यापाशी निरखून बघितलं. “कमाल आहे वहिनी. एका डोळ्यावर एवढं केलंत. तुमच्या हाताला तोड नाही.”

सगळे माझ्याकडं बघत होते. खोटं कशाला बोलू, ते शब्द कानाला फार गोड लागले. वर्षाली चहाचे कप गोळा करायला वाकली होती, तिनं मान वरही केली नाही. तिनं कधीच काही म्हटलं नसतं.

“लक्ष्मणराव,” मी म्हटलं, “मागच्या दसऱ्याला तुम्ही जे बोललात ना, ते चुकीच्या बाईला बोललात. ती बाई तिकडं कप उचलतीय. आज नीट तिला बोला.”

लक्ष्मणराव वर्षालीकडं बघत राहिले. मग उठले, खिशातलं आपट्याचं पान काढलं आणि तिच्यापुढं धरलं. “पोरी,” म्हणाले, “ज्योतीराम असता तर तुला हाताखाली नसतं घेतलं. शेजारी बसवलं असतं.” वर्षाली त्यांच्या पाया पडायला वाकली, कप हातातच. रडत होती वेडी. चित्राताईही रडत होत्या. मला परवानगी नव्हती, तरी मीही.

मंडळी गेल्यावर मी कमरेची किल्ली काढली आणि वर्षालीच्या हातावर ठेवली. ती नको नको म्हणायला लागली.

“गप बस,” मी म्हटलं. “किल्ली तुझी. पण पुसायचं माझ्यासमोर. मी खुर्चीत बसणार, ह्यांच्याशी बोलणार आणि तुझ्या चुका काढणार.”

“काढा की,” ती म्हणाली, “आता दिसतंय तुम्हाला.”