पलीकडचा दिवा

मी एक जुनी काच आहे. तुम्ही म्हणाल, काचेला सांगण्यासारखं असून असून काय असणार? पण मित्रांनो, मी साधी खिडकीची काच नाही. एका बाजूने मी आरसा आहे आणि दुसऱ्या बाजूने खिडकी. मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या एका सरकारी संस्थेत, प्रशिक्षण विभागातल्या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत माझं सगळं आयुष्य गेलं.

कारखान्यात माझ्या एका अंगाला चकचकीत मुलाम्याचा अगदी पातळ हात दिला गेला. त्यामुळे मी धड आरसाही झाले नाही आणि धड खिडकीही राहिले नाही. बरोबरच्या काचा दुकानांत आणि घरांत जाऊन सुखाने नांदू लागल्या. मी मात्र गवत भरलेल्या पेटीत पडून होते, कारण सरकारी खरेदीचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सावकाश हिंडत होता. अखेर तो एकदाचा मुक्कामाला पोहोचला आणि सुताराने मला भिंतीत बसवलं.

माझ्या पुढची खोली उजेडाची. तिच्यात दोन खुर्च्या, एक छोटं टेबल आणि पाण्याचा तांब्या. मागची खोली अंधाराची. तिच्यात बाकं आणि आवाज ऐकण्यासाठी भिंतीवर एक कर्णा. पुढे डॉक्टर रुग्णाशी बोलायचे आणि मागे शिकणारी मंडळी गुपचूप बसून बघायची. नर्सबाई असायच्या, समाजसेवक असायचे, लहान गावांतल्या दवाखान्यांतून पाठवलेले डॉक्टर असायचे. परत गेल्यावर त्यांना हे काम एकट्यानेच करायचं होतं, म्हणून ती सगळी जीव ओतून शिकत. मागचा दिवा बंद असेतोवर पुढच्या माणसाला माझ्यात फक्त स्वतःचा चेहरा दिसे. तो दिवा लागला की माझं आरसेपण संपलं!

गमतीही पुष्कळ व्हायच्या. पुढे आलेला एखादा पाहुणा मला निव्वळ आरसा समजून नाक वर करून मिशा तपासायचा, आणि मागे बाकांवर हसू दाबता दाबता सगळ्यांची पुरेवाट व्हायची. मोठ्या बाई तेव्हा डोळे वटारायच्या. प्रशिक्षणाच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाईच म्हणत. उंचीने त्या बेताच्याच होत्या, पण त्यांचा दरारा खोलीत मावत नसे. त्यांची शिस्त अशी, की बोलणं सुरू होण्याआधी रुग्णाला मागच्या खोलीत न्यायचं, बसलेली माणसं दाखवायची आणि त्याची हरकत नसेल तरच पुढे जायचं. नवे लोक कुरकुरत, उगाच वेळ जातो म्हणत. बाई ऐकून घ्यायच्या आणि रुग्णाला मागे न्यायला सांगायच्या.

मग आमच्याकडे मास्तर आले. मास्तर म्हणजे शिंपी. त्यांच्या हाताला असं वळण होतं म्हणे, की दूरदूरचे लोक कपडे शिवायला त्यांच्याकडे येत. पण काही काळापासून त्यांना वाटू लागलं होतं की समोरच्या घरातले लोक आपल्यावर पाळत ठेवून आहेत. त्यांनी दुकानाचा आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. पुढे मशीनही बंद केलं. त्यांची थोरली बहीण, सगळे तिला ताईच म्हणत, त्यांना समजावून समजावून थकली आणि हाताला धरून आमच्याकडे घेऊन आली.

त्यांचे उपचार एका तरुण डॉक्टरकडे होते. डॉक्टर हुशार, मनाचा चांगला, जरा घाईचा. त्याने मास्तरांशी हळूहळू ओळख वाढवली. मास्तर गोळ्या घेऊ लागले, झोपू लागले. एके दिवशी ताईने येऊन सांगितलं की आज त्यांनी सुईत दोरा ओवला. ते ऐकून डॉक्टर इतका खुलला की जाताना दाराला धडकला.

त्याच सुमारास संस्थेत एक संशोधन चाललं होतं. लहान दवाखान्यातल्या माणसाने हा आजार लवकर कसा ओळखावा, कोणते प्रश्न विचारावेत, याची एक पद्धत तो डॉक्टर बसवत होता. ती पाहायला वरून समिती येणार होती. डॉक्टरला मास्तरांची मुलाखत दाखवायची होती, आणि त्या दिवशी मोठ्या बाई दुसऱ्या कामात अडकल्या होत्या.

आता डॉक्टर पेचात पडला. ज्या माणसाला सारं जग आपल्याकडे टक लावून बघतंय असं वाटतं, त्याला नेऊन म्हणायचं, या, ही बघा तुमच्याकडे बघायला बसलेली माणसं? तो घाबरेल, आत्तापर्यंतची मेहनत पाण्यात जाईल, असं डॉक्टरला वाटलं. ताईने संमतीच्या कागदावर सही केली होती. तेवढं पुरे, असं त्याने ठरवलं. ताईलाही त्याने मागे बाकावर बसवलं.

पुढच्या खोलीत येताच मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"हा आरसा इथे कशाला?"

"खोलीत असतो एखादा आरसा," डॉक्टर म्हणाला. "या, बसा. या खोलीत आपण दोघंच आहोत."

हे म्हटलं तर खरंच होतं. मास्तर बसले. बोलू लागले आणि छान बोलले. समोरच्या घराचं, बंद मशीनचं, लहानपणी बापाच्या धाकाचं सगळं सांगितलं. मागे ताई पदराने डोळे पुसत होती आणि समितीतले लोक माना डोलवत होते.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. समितीतले एक वजनदार साहेब उशिरा आले होते. अंधारात त्यांची नडगी बाकावर आपटली, ते कळवळले, आणि आधाराला भिंत चाचपडताना दिव्याची दोरी हातात आली. ती त्यांनी ओढली.

दिवा लागला. मास्तरांना माझ्यातून बाकांवरची सगळी माणसं दिसली.

ते ओरडले नाहीत. उठून माझ्यापाशी आले, एकेका चेहऱ्याकडे बघत गेले आणि शेवटच्या चेहऱ्यापाशी थांबले.

"ताई," ते म्हणाले, "तू तिकडे काय करतेस?"

ताईने पदराआड तोंड लपवलं. मास्तर डॉक्टरकडे वळले. "मी सांगत होतो ना तुम्हाला? लोक बघतात म्हणून? आणि तुम्ही मला गोळ्या दिल्यात." एवढं बोलून ते निघून गेले. डॉक्टर खुर्चीवर तसाच बसून राहिला. मला फार वाईट वाटलं, दोघांचंही.

मास्तरांनी गोळ्या सोडल्या. दुकानाचं दार आतून लावून घेतलं, ताईशी बोलणं टाकलं. ताई एकटीच येऊन बसायची. "माझं सोडा," ती म्हणायची, "पण तो जेवत नाही हो. माझ्या हातचं तर नाहीच." डॉक्टरचा चेहरा उतरत चालला. एक दिवस त्याने मोठ्या बाईंसमोर राजीनामा ठेवला.

"हा उचला आधी," बाई म्हणाल्या. "तुम्ही गेलात तर त्यांच्याशी खोटं कोण बोललं, हे त्यांना कोण सांगणार? मी?"

दोघं मास्तरांच्या दुकानावर गेले. पहिल्यांदा दार उघडलंच नाही. दुसऱ्यांदा फटीतून नुसता एक डोळा दिसला. बाईंनी औषधाचं नावही काढलं नाही. फटीतूनच सांगितलं, "मास्तर, एकदा या. या वेळी आम्ही पुढे बसतो, तुम्ही मागे बसा. आम्हाला बघा." हे सगळं नंतर शिपायाने झाडू मारता मारता नर्सबाईंना सांगितलं, तेव्हा मला कळलं.

आणि मास्तर आले! ताईपासून हातभर अंतर ठेवून, पण आले. बाईंनी त्यांना अंधाऱ्या खोलीत बसवलं, दिव्याची दोरी दाखवली आणि पुढे येऊन डॉक्टरला रुग्णाच्या खुर्चीत बसवलं.

"त्या दिवशी मागे माणसं आहेत हे तुम्हाला माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"वाटलं, ते घाबरतील." डॉक्टर थांबला. "नाही, तेवढंच नाही. मुलाखत बिघडेल, समितीसमोर माझी फजिती होईल, असंही वाटलं." त्याच्या कपाळावर घाम आला होता. हात कुठे ठेवावेत ते त्याला समजेना. तो सारखा माझ्याकडे बघायचा, आणि त्याला दिसायचा तो फक्त स्वतःचाच घाबरलेला चेहरा. त्या खुर्चीत बसलेल्या किती माणसांचे असे चेहरे मी पाहिले होते! डॉक्टरचा पहिल्यांदाच पाहिला.

मागे मास्तर माझ्या अगदी जवळ आले होते. त्यांचा श्वास माझ्यावर उमटत होता. बराच वेळ ते बघत राहिले. मग त्यांनी दोरी ओढली. दिवा लागला आणि काचेच्या दोन बाजूंना दोघं एकमेकांना दिसले. बाईंनी मधलं दार उघडलं.

"म्हणजे मी वेडा नव्हतो," मास्तर दारातून म्हणाले.

"त्या दिवशी तुम्ही जे बघितलंत ते खरं होतं," बाई म्हणाल्या. "आम्ही तुमच्याशी खोटं वागलो."

"आणि समोरच्या घरातले?"

"ते मला माहीत नाही, मास्तर. त्यांचं आपण मिळून तपासू. मला तुमचं म्हणणं पटलं नाही तर तेही तोंडावर सांगेन. पण मला जे माहीत आहे, ते तुमच्यापासून लपवणार नाही."

मास्तर पुढच्या खोलीत आले, त्यांच्यामागून ताईही आली.  डॉक्टरकडे बोट दाखवून मास्तर म्हणाले, "यांच्या शर्टाची डावी बाही लांब आहे. मघापासून डोळ्यांत खुपतंय. कुणी शिवलाय हा?"

ताई आधी हसली आणि मग रडू लागली. त्या दिवशी जाताना तिच्या पिशवीत गोळ्या होत्या आणि मास्तरांच्या काखेत डॉक्टरचा शर्ट. डॉक्टर शिपायाचा कोट घालून घरी गेला.

बरं व्हायला मास्तरांना फार काळ लागला. मध्ये दोनदा आजार उलटला. पण येणं त्यांनी सोडलं नाही. आपल्या अहवालात डॉक्टरने तो प्रकार जसा घडला तसा लिहिला. वरच्या लोकांना ते आवडलं नाही. पण त्यातूनच एक रीत पडली. शिकायला येणाऱ्या दर नव्या तुकडीतल्या प्रत्येकाने आधी रुग्णाच्या खुर्चीत बसायचं. आणि रुग्णाने मागच्या खोलीत येऊन स्वतः दिवा लावायचा, चेहरे बघायचे आणि पटलं तर स्वतःच मालवायचा. दोरी अंधारात पटकन हाताला लागावी म्हणून मास्तरांनी तिच्या टोकाला लाल कापडाचा गोंडा शिवून दिला.

मित्रांनो, आता माझं वय झालं. मुलामा कडेने काळा पडलाय. छताच्या कोपऱ्यात नुकताच बोटाएवढा कॅमेरा आलाय आणि शिकणारी मंडळी दुसऱ्या इमारतीत पडद्यासमोर बसतात. मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्या रचल्या आहेत. माझ्यासमोर एक कपाट आहे, त्याच्या कडेच्या फटीतून मला जेवढं दिसतं तेवढं मी बघते.

परवा नव्या तुकडीला आपली गोष्ट सांगायला मास्तर आले. दर तुकडीसमोर ते येतात. खुर्चीत बसले आणि कॅमेऱ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "यातून कोण कोण बघतंय?"

कॅमेरा लावायला आलेल्या मुलीला सांगता येईना. "आहेत कुणीतरी, काका. तुम्ही बोला ना."

मास्तर बोलले नाहीत. हाताची घडी घालून बसून राहिले. तो डॉक्टर आता केस पिकलेला प्रमुख झाला आहे. त्याला निरोप गेला. तो धापा टाकत आला, आणि त्याच्यामागून त्या दुसऱ्या इमारतीतली सगळी मुलं-मुली आली. एकेकाने मास्तरांसमोर उभं राहून स्वतःचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मास्तरांनी प्रत्येकाकडे नीट बघून घेतलं.

"हं," ते म्हणाले. "आता जा तिकडे. सांगतो."

मला पुसलं नाही तरी माझं काही म्हणणं नाही. कपाटही राहू द्या. पण मित्रांनो, कुणाच्या मनात डोकावायचं काम तुमच्याकडे आलं, तर आधी आपला चेहरा त्याला दाखवा. मागच्या खोलीत, खुर्च्यांच्या ढिगाऱ्यामागे, तो लाल गोंडा अजून लोंबतोय. दिवा अजून लागतो.